कोळसा बंद झाला तेव्हा : स्वित्झर्लंडची रेल्वे, १९१८ चा संप आणि आपल्या घाटातला खेकडा

स्वित्झर्लंड म्हटलं की डोळ्यांसमोर बर्फाचे डोंगर येतात, चॉकलेट येतं, घड्याळं येतात आणि हिंदी सिनेमातली गाणी येतात. त्या डोंगरातून धूर न सोडता जाणारी आगगाडीही येते. ती गाडी विजेवर चालते आणि तिची वीज बरीचशी धरणाच्या पाण्यातून येते, हेही अनेकांना माहीत असतं. पण हे सगळं इतक्या घाईने का झालं, ते फारसं कुणी सांगत नाही. युद्धामुळे कोळशाचा मोठा पुरवठादार हातचा गेला, म्हणून झालं.

गेली काही वर्षं आपण सतत ऐकतोय. रशियाचा गॅस थांबला, तांबड्या समुद्रात जहाजं अडली, होर्मुझच्या सामुद्रधुनीत तणाव, तेल भडकलं. दर वेळी टीव्हीवर दोन प्रकारची माणसं दिसतात. एक म्हणतात, आता सगळं संपलं. दुसरे म्हणतात, काही होत नाही, बाजार आपोआप मार्ग काढतो. इतिहास बघितला तर दोघांचंही अर्धंच खरं निघतं. मार्ग निघतो. पण तो बहुतेक वेळा कुणीतरी आधीच आखून ठेवलेला असतो, आणि त्याची किंमत कुणीतरी निमूटपणे भरलेली असते. ही दोन्ही माणसं शोधायची असतील तर स्वित्झर्लंडची गोष्ट बघण्यासारखी आहे.

थोडं मागे जाऊ.

१९१४ सालचा स्वित्झर्लंड म्हणजे चाळीस लाखांच्या आतबाहेर वस्तीचा देश. चारी बाजूंनी जमीन, स्वतःचं बंदर नाही. जमिनीखाली दगडी कोळसा म्हणाल तर जवळजवळ नाहीच. आणि तरीही कापड गिरण्या, यंत्रांचे कारखाने, रसायनं, घड्याळं यांच्यामुळे युरोपातल्या पुढारलेल्या देशांत गणती. हे सगळं चालायचं बाहेरच्या कोळशावर. वर्षाला तीस लाख टनांहून जास्त कोळसा आयात व्हायचा आणि त्यातला बहुतेक जर्मनीतून यायचा. रूरच्या खाणीतला कोळसा ऱ्हाईनच्या खोऱ्यातून थेट बाझलला पोचायचा. स्वस्त, जवळचा, वेळेवर येणारा. इतका सोयीचा पुरवठादार असताना दुसरा कशाला शोधायचा?

आता मजा बघा. ज्या देशात कोळसा नाही पण डोंगरातून पाणी धो धो कोसळतंय, तिथल्या इंजिनिअरांना पाण्याची वीज सुचली नसेल असं होईल का? सुचली होती, आणि बरीच आधी. १९०६ मध्ये सिंप्लॉनचा वीस किलोमीटरचा बोगदा सुरू झाला तो विजेवर, कारण एवढ्या लांब बोगद्यात वाफेच्या इंजिनाच्या धुरात माणूस गुदमरला असता. झुरिकजवळच्या ओर्लिकॉन कंपनीने झेबाख ते वेटिंगेन या सुमारे वीस किलोमीटरच्या रेल्वेमार्गावर १९०५ पासून विजेच्या गाड्या चालवून दाखवल्या. डोक्यावरून एकच तार, तीत उच्च दाबाचा एकफेजी प्रवाह. प्रयोग तांत्रिकदृष्ट्या यशस्वी झाला.

मग काय झालं? १९०९ मध्ये तारा काढल्या आणि त्या मार्गावर पुन्हा वाफेची इंजिनं आणली! कोळसा स्वस्त होता. सरकारी रेल्वेला खर्च करायची घाई नव्हती. लष्करातल्या मंडळींनाही शंका होती, की युद्धात एक वीजघर उडवलं तर सगळ्या गाड्या जागच्या जागी उभ्या राहतील, वाफेच्या इंजिनाचं तसं नाही. शंका अगदीच चुकीची होती असंही नाही. पण कोळशाची खाणच शत्रूच्या किंवा मित्राच्या मर्जीवर असेल तर काय, हा प्रश्न तेव्हा मागे पडला.

तरी काही लोक कागदावर काम करत राहिले. १९०४ पासून एक अभ्यास समिती वेगवेगळ्या पद्धतींची तुलना करत होती. रेल्वेने डोंगरी भागातल्या नद्यांवरचे पाण्याचे हक्क मिळवून ठेवायला सुरुवात केली होती. ओर्लिकॉनचा प्रयोग ज्यांच्या देखरेखीखाली झाला ते एमिल हूबर-श्टोकार १९१२ मध्ये सरकारी रेल्वेच्या विद्युतीकरणाचे प्रमुख झाले. आणि १९१३ मध्ये गोटहार्डचा घाट, म्हणजे एर्स्टफेल्ड ते बेलिन्झोना हा पट्टा, विजेवर आणायचा निर्णय होऊन पैसे मंजूरही झाले.

पुढच्या उन्हाळ्यात युद्ध पेटलं आणि काम रखडलं.

स्वित्झर्लंड तटस्थ होता. त्याच्या सीमेवर कुणी सैन्य घुसवलं नाही. पण तटस्थ देशालाही थंडी वाजतेच. जर्मनीला स्वतःच्या तोफांच्या कारखान्यांसाठी कोळसा हवा होता. जो थोडा बाहेर पाठवायचा, त्याचा उपयोग दबाव म्हणून करायचा हे बर्लिनला लवकरच कळलं. कोळसा हवा ना, मग गुरं द्या, दूध-चीज द्या, आणि वर कर्जही द्या. दुसऱ्या बाजूने इंग्लंड-फ्रान्स म्हणत, आमच्याकडून आलेला माल जर्मनीला जाणार नाही याची हमी द्या. त्यासाठी १९१५ मध्ये एक खास देखरेख संस्था उभी करावी लागली. म्हणजे एका हाताने एकाची अट पाळायची आणि दुसऱ्या हाताने दुसऱ्याची. शाळेत आपण तटस्थता हा शब्द एका ओळीत शिकतो. प्रत्यक्षात ती रोजची घासाघीस होती आणि तिच्या मुळाशी कोळशाची वखार होती.

युद्ध जसजसं लांबलं तसा कोळसा आटत गेला आणि महागला. १९१४ च्या मानाने भाव पाच पटींहून वर गेले. युद्ध संपतानाच्या काळात आयात युद्धापूर्वीच्या निम्म्याच्या आसपास आली होती.

अशा वेळी पहिल्यांदा काय होतं, तर काटकसर होते. इतिहासात बहुतेक ठिकाणी हाच क्रम दिसतो. नवा स्रोत शोधायला वेळ लागतो, वापर कमी करायला एक हुकूम पुरतो. गाड्यांची वेळापत्रकं पुन्हा पुन्हा कापली गेली. रविवारच्या गाड्या जवळजवळ बंद झाल्या. भाडी वाढली, परत वाढली. घरं, कचेऱ्या, शाळा कमी तापवल्या जाऊ लागल्या. आपल्याकडे वीज गेली तर पंखा बंद होतो. तिथे जानेवारीत शेगडी बंद झाली तर म्हातारी माणसं आजारी पडतात.

दुसरा टप्पा जुगाडाचा. रेल्वेच्या इंजिनात लाकडाचे ओंडके टाकायला लागले. दलदलीतला पीट, म्हणजे कुजलेल्या झाडपाल्याची जळाऊ माती, खणून वाळवली गेली. वर्षानुवर्षं कुणी ढुंकून न बघितलेल्या, परवडत नाहीत म्हणून सोडून दिलेल्या छोट्या खाणी पुन्हा उघडल्या. यातलं काहीही स्वस्त नव्हतं आणि काहीही पुरेसं नव्हतं. लाकडाची उष्णता कोळशाच्या मानाने खूपच कमी, त्यामुळे फायरमन घामाघूम आणि गाडी तरीही चढावर दमलेली. पण दिवस ढकलले गेले.

तिसरा टप्पा खऱ्या बदलाचा, आणि इथे ते जुने कागद कामाला आले. १९१६ मध्ये, ऐन युद्धात, रेल्वेने कोणती वीजपद्धत वापरायची हे पक्कं केलं. ओर्लिकॉनच्या प्रयोगातून पुढे आलेला एकफेजी उच्च दाबाचा प्रवाह निवडला गेला. सात वर्षांपूर्वी ज्या तारा उतरवल्या होत्या, त्यांचंच ज्ञान. त्याच वर्षाच्या शेवटी पाणीशक्तीचा राष्ट्रीय कायदा झाला. १९१९ मध्ये बर्न ते थून हा पट्टा विजेवर आला. १९२० मध्ये गोटहार्डच्या मुख्य बोगद्यातून विजेच्या गाड्या धावू लागल्या. १९२२ पर्यंत लुसर्नपासून इटलीच्या सीमेवरच्या कियासोपर्यंत सगळा मार्ग विजेवर होता. रितोम आणि आमश्टेग या दोन वीजघरांचं पाणी आता रूरच्या कोळशाचं काम करत होतं.

घाटातच आधी का, हे आपल्याला लगेच समजेल. गोटहार्डचा चढ हजाराला सव्वीस-सत्तावीसचा, म्हणजे आपल्या बोरघाटाच्या सदतिसास एक या चढाइतकाच. अशा चढावर वाफेचं इंजिन स्वतःचा कोळसा आणि पाणी वाहण्यातच दमतं. मग मागून आणखी इंजिनं लावायची, गाडी थांबवायची, पाणी भरायचं. वर पंधरा किलोमीटरच्या बोगद्यात धूर. विजेच्या इंजिनाला हे काहीच लागत नाही, आणि उतारावर येताना त्याच्या मोटारी ब्रेकचं काम करत थोडी वीज तारेत परत पाठवू शकतात. या मार्गासाठी विंटरथूर आणि ओर्लिकॉनच्या कारखान्यांनी जी लांबलचक, पुढे-मागे नाक असलेली, सांध्यात वळणारी इंजिनं बनवली, त्यांना लोकांनी नाव दिलं ‘क्रोकोडील’. सुसर.

इथपर्यंतची गोष्ट पुष्कळ जण सांगतात. संकट आलं, हुशार लोकांनी संधी साधली, देश आत्मनिर्भर झाला. टाळ्या.

पण याच काळात स्वित्झर्लंडच्या शहरांत काय चाललं होतं?

१९१४ ते १९१८ या काळात जगण्याचा खर्च दुपटीहून वाढला. पगार त्या वेगाने वाढले नाहीत. लाखो पुरुष सीमेवर पहाऱ्याला होते आणि त्यांच्या बुडालेल्या मजुरीची भरपाई देणारी कुठलीही देशव्यापी व्यवस्था नव्हती. नवरा सैन्यात, हातात तुटपुंजा भत्ता, कोळसा पाच पट महाग, बटाटा मिळत नाही. रेशनिंग आलं तेही १९१७ मध्ये, म्हणजे युद्धाच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी. तोपर्यंत ज्याच्याकडे पैसा त्याने साठा करून ठेवलेला. १९१८ च्या उन्हाळ्यात सहा लाखांहून अधिक लोक गरिबांसाठीच्या सवलतीच्या धान्य-दुधावर अवलंबून होते, म्हणजे दर सहा माणसांमागे एक. आणि त्याच वेळी काही कारखानदार दोन्ही बाजूंना माल विकून कधी नव्हे इतका नफा कमावत होते.

१२ नोव्हेंबर १९१८ ला, महायुद्ध थांबल्याच्या दुसऱ्याच दिवशी, देशव्यापी संप झाला. सुमारे अडीच लाख कामगार उतरले. रेल्वे कामगारही त्यात होते, त्यामुळे कोळशाअभावी रोडावलेल्या गाड्या आता पूर्णच थांबल्या. सरकारने सैन्य आणलं. तीन दिवसांत संप मागे घेतला गेला, पण त्या शेवटच्या दिवशी ग्रेनखेन गावात सैनिकांच्या गोळीबारात तीन तरुण कामगार मेले. त्यांच्या मागण्या काय होत्या? ४८ तासांचा आठवडा, म्हातारपणाची आणि अपंगत्वाची विमा योजना, स्त्रियांना मतदानाचा हक्क, अन्नपुरवठ्याची नीट व्यवस्था. ४८ तासांचा आठवडा लवकरच मिळाला. म्हातारपणाचा विमा १९४८ मध्ये. स्त्रियांच्या मतदानाला १९७१ उजाडलं.

कोळसा आटल्याचा ताण देशातल्या सगळ्यांवर आला, पण सारखा आला नाही. जो आधीच काठावर होता तो पडला. या कागदांची तयारी मात्र कुणी केलेली नव्हती. इंजिनांचे नकाशे कपाटात होते, रेशन कार्डांचे नव्हते.

आता युद्धानंतर काय झालं ते बघू, कारण बहुतेक देश इथेच घसरतात. दोन-तीन वर्षांत कोळसा पुन्हा स्वस्त झाला. लगेच प्रश्न विचारले जाऊ लागले की ही एवढी महागडी धरणं आणि तारा कशाला? युद्धकाळातल्या चढ्या भावात बांधलेली कामं, रेल्वेच्या डोक्यावर कर्ज, आणि शेजारचा कोळसा परत दारात उभा. १९०९ मध्ये याच हिशोबाने तारा उतरवल्या होत्या. या वेळी उतरवल्या नाहीत. उलट १९२३ मध्ये केंद्र सरकारच्या मदतीने काम अजून वेगाने करायचं ठरलं. त्यात बेकारांना काम देण्याचाही भाग होता. १९२८ पर्यंत सरकारी रेल्वेचं निम्म्याहून जास्त जाळं विजेवर आलं होतं. लोकांना ती चार वर्षांची थंडी अजून आठवत होती, हे त्यामागचं मोठं कारण.

याचा खरा उपयोग १९३९ नंतर दिसला. दुसऱ्या महायुद्धात कोळशाची आयात पुन्हा आटत गेली आणि १९४५ मध्ये तर नेहमीच्या दहाव्या हिश्शाहूनही खाली आली. पण आता रेल्वेच्या जाळ्याचा जवळपास तीन-चतुर्थांश भाग विजेवर होता. गाड्या चालत राहिल्या. झेबाख-वेटिंगेनच्या त्या उजाड मार्गावरही १९४२ मध्ये पुन्हा तारा आल्या. आणि एक गमतीदार प्रयोग झाला. शंटिंगच्या दोन वाफेच्या इंजिनांच्या टपावर विजेची तार पकडणारा पँटोग्राफ बसवला आणि बॉयलरचं पाणी विजेने उकळलं! कोळसा नाही, तारेत वीज आहे, मग इंजिनात बंबासारखा हीटर बसवला. हसू येतं, पण यार्डात ती इंजिनं खरोखर काम करत होती.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे या वेळी दुसरे कागदही तयार होते. रेशनिंग १९३९ च्या शरद ऋतूतच सुरू झालं, कारण कार्डं आधी छापून ठेवलेली होती. १९४० च्या सुरुवातीपासून सैन्यात गेलेल्या माणसाच्या घरी बुडालेल्या मजुरीची भरपाई पोचू लागली. ती मालक, कामगार आणि सरकार तिघांच्या वर्गणीतून दिली जायची. १९१८ च्या संपातून राज्यकर्ते काही शिकले होते. दुसऱ्या युद्धाच्या शेवटी तसा संप झाला नाही, यात या भरपाईचा मोठा वाटा होता असं इतिहासकार मानतात.

पण ही गोष्ट परीकथा करून सांगू नये. जो थोडा कोळसा येत होता तो हिटलरच्या जर्मनीकडूनच येत होता आणि त्याच्या बदल्यात स्वित्झर्लंडने जर्मनीला एक अब्ज फ्रँकहून अधिक उधारी दिली, यंत्रं-शस्त्रं विकली, सोनं घेतलं. १९४० मध्ये जर्मन कोळसा समुद्रमार्गे इटलीला जाणं बंद झालं तेव्हा तो आल्प्समधल्या रेल्वेने जाऊ लागला. म्हणजे पाण्याच्या विजेवर धावणारी ती स्वच्छ सुंदर गोटहार्डची गाडी मुसोलिनीच्या कारखान्यांसाठी कोळसा ओढत होती. या व्यवहारांचा हिशोब पन्नास-साठ वर्षांनी सरकारनेच नेमलेल्या बर्जिए आयोगाने मांडला आणि २००२ च्या त्याच्या अंतिम अहवालाने देशात बरीच खळबळ झाली. ऊर्जेचा पुरवठादार हातात असला की तो फक्त पैसे मागत नाही, हे त्यातून दिसतं.

आणि पाणीही फुकट नव्हतं. आइन्सीडेलन गावाजवळ झील नदीवर धरण बांधून १९३७ मध्ये मोठा जलाशय झाला, त्यातली वीज रेल्वेला जाते. त्यासाठी अनेक शेतकरी कुटुंबांना घरदार सोडावं लागलं. दुसऱ्या महायुद्धात हिवाळ्यात वीज अपुरी पडू लागली, कारण डोंगरातलं पाणी हिवाळ्यात गोठतं आणि नेमकी तेव्हाच घराघरात विजेची शेगडी लागते. मग आंडरमाटचं अख्खं खोरं बुडवून धरण बांधायची योजना आली. तिथल्या लोकांनी ठाम नकार दिला. फेब्रुवारी १९४६ मध्ये योजनेची बोलणी करायला आलेल्या इंजिनिअरला गावकऱ्यांनी मारहाण करून पिटाळलं. शेवटी ती योजना सोडावी लागली. आंडरमाट आजही जागेवर आहे.

हे वाचताना कुणाला मुळशी आठवली असेल तर ते साहजिक आहे.

मुंबईच्या गिरण्यांनाही कोळसा लांबून, बंगाल-बिहारकडून किंवा समुद्रमार्गे आणावा लागायचा. म्हणून टाटांनी सह्याद्रीच्या माथ्यावर तळी बांधून १९१५ मध्ये खोपोलीची जलवीज सुरू केली. पुढची पायरी मुळशीची. तिथल्या मावळ्यांनी सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली १९२१ ते १९२४ सत्याग्रह केला, तुरुंगात गेले, आणि हरले. धरण झालं, शेतं बुडाली, मुंबईला वीज मिळाली. पाण्याची वीज कोळशाच्या विजेपेक्षा स्वच्छ, हे खरंच. पण बुडणारा कोण आणि उजेड कुणाकडे, हा प्रश्न आल्प्समध्ये तोच आणि सह्याद्रीत तोच. एक फरक मात्र नोंदवायला हवा. १९१६ च्या स्विस कायद्याने पाण्याच्या वापराबद्दल मिळणाऱ्या शुल्काची चौकट ठरवली, आणि ते शुल्क तिथल्या प्रांतांना व गावांना मिळतं. डोंगरातल्या कित्येक गावांच्या अंदाजपत्रकात हा पैसा दरवर्षी येतो. मुळशीच्या किंवा कोयनेच्या विस्थापितांना असं काय मिळालं, हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको.

आणि आता तो खेकडा.

जीआयपी रेल्वेने मुंबईतली पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ ला बोरीबंदर ते कुर्ला चालवली. पुढे बोरघाट आणि थळघाट विजेवर आणायचे ठरले तेव्हा मालगाड्यांसाठी इंजिनं हवी होती. त्यातली पहिली काही इंजिनं १९२८ मध्ये स्वित्झर्लंडच्या विंटरथूर कारखान्यातून आली, तिथेच जिथे गोटहार्डच्या सुसरी बनल्या होत्या. तसंच लांबट नाक, मधे केबिन, सांध्यात वळणारं अंग, बाहेरून हलणारे दांडे. गोटहार्डच्या चढावर जमलेली विद्या बोरघाटाच्या चढावर आली. आपल्या रेल्वेच्या माणसांनी तिला सुसर म्हटलं नाही, ‘खेकडा’ म्हटलं. कल्याण, कर्जत, लोणावळा, इगतपुरी या पट्ट्यातल्या जुन्या लोकांनी खेकडा पाहिलेला आहे. नव्वदीच्या सुरुवातीपर्यंत ही इंजिनं शंटिंगला होती. ‘सर लेस्ली विल्सन’ नावाचा एक खेकडा आज दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात उभा आहे.

फक्त आपल्या खेकड्याला लागणारी बरीच वीज कोळशाची होती. ठाकुर्लीचं चोळा पॉवर हाऊस जीआयपीने त्यासाठीच बांधलं. डोंबिवली-ठाकुर्लीकरांना त्याच्या चिमण्या आठवत असतील. आपल्याकडे देशात कोळसा होता, त्यामुळे घाई वेगळी होती.

सगळेच देश असा कायमचा बदल करत नाहीत, हेही सांगायला हवं. १९४० मध्ये समुद्रमार्ग बंद झाल्यावर स्वीडनने लाकडाच्या धुरातून निघणाऱ्या गॅसवर सत्तर हजारांवर मोटारी चालवल्या. आपल्याकडेही त्या युद्धात पेट्रोल मिळेना तेव्हा मागे कोळशाची भट्टी लावलेल्या सर्व्हिस मोटारी धावायच्या, चढ आला की उतारू खाली उतरून ढकलायचे, अशा आठवणी जुन्या लोकांनी सांगितल्या आहेत. पेट्रोल परत आलं आणि त्या भट्ट्या भंगारात गेल्या. जुगाड संकटापुरता टिकतो. टिकाऊ बदलाला दहा-वीस वर्षं लागतात आणि स्वस्ताईच्या काळातही त्यावर पैसे खर्च करावे लागतात.

अलीकडचं उदाहरण जर्मनीचं. २०२२ पूर्वी जर्मनीच्या गॅस आयातीतला निम्म्याहून जास्त वाटा रशियाचा होता. तो त्याच वर्षी थांबला. जर्मनीने वापर कमी केला, जुनी कोळशाची वीजघरं पुन्हा चालवली, विल्हेल्म्सहाफेनला द्रवरूप गॅस उतरवायचं टर्मिनल काही महिन्यांत बांधून डिसेंबरमध्ये सुरूही केलं. दिवे गेले नाहीत. पण खतांसारख्या गॅसवर चालणाऱ्या उद्योगांनी उत्पादन कापलं, आणि युरोपने चढ्या भावाने जहाजं उचलल्यावर पाकिस्तानच्या गॅसच्या निविदेला एकही विक्रेता आला नाही, बांगलादेशात भारनियमन सुरू झालं. श्रीमंत देशाने जुळवून घेतलं, त्याची किंमत काही अंशी कराची-ढाक्यातल्या माणसाने अंधारात बसून भरली. १९१८ मध्ये झुरिकच्या कामगाराच्या घरात जे घडलं, तेच या वेळी देशांच्या पातळीवर घडलं.

आपण कुठे आहोत? कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त आपण बाहेरून आणतो. रेल्वेचं बाबतीत आपली तयारी चांगली आहे, ब्रॉडगेज जवळजवळ सगळी विजेवर आली, आपली कोकण रेल्वेसुद्धा २०२२ मध्ये पूर्ण झाली. विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पादूरला जमिनीखाली तेलाचा राखीव साठा आहे, पण तो देशाला पुरेल जेमतेम नऊ-दहा दिवस. तेल कंपन्यांच्या टाक्यांतला साठा वेगळा. खरी कमजोर जागा मला स्वयंपाकघरात दिसते. घरगुती गॅसपैकी निम्म्याहून जास्त आयात होतो आणि त्यातला बहुतेक आखातातून. ज्या बाईची चूल गेल्या दहा वर्षांत सुटली, तिच्यासाठी सिलिंडर हजाराच्या वर गेला की चूल परत येते, हे आपण पाहिलेलं आहे.

म्हणून पुढच्या वेळी कुठे युद्ध पेटलं आणि टीव्हीवर ‘पर्यायी पुरवठा’ हा शब्द ऐकला, की दोन प्रश्न विचारायला हवेत. पर्यायाचे नकाशे आज कपाटात आहेत का, की संकट आल्यावर समिती नेमणार? आणि सिलिंडर, डिझेल, खत यांचे भाव पाच पट झाले तर गावातल्या मजुराच्या घराचं काय करायचं, याचा कागद कुणी तयार केलाय का? स्वित्झर्लंडला पहिल्या प्रश्नाचं उत्तर १९१४ मध्ये माहीत होतं. दुसऱ्याचं उत्तर शिकायला एक संप आणि ग्रेनखेनमधले तीन जीव लागले.

आपल्या यादीत कुणी चोळा पॉवर हाऊसमध्ये किंवा घाटात खेकड्यावर काम केलेलं असेल, किंवा घरात वडील-आजोबांनी सांगितलेलं आठवत असेल, तर जरूर लिहा. मुळशी खोऱ्यातल्या घरांतल्या आठवणीही लिहा. हा इतिहास पुस्तकांत फार थोडा आलाय.